आईच्या गाण्यांसाठी आणलेला डबा

रविवार, १९ जानेवारी. पद्मनाभपूरचं घर, समोरची खोली. हजर: आई, बाबा, हैदराबादहून सुट्टीवर आलेला धाकटा भाऊ आणि मी. गैरहजर: माझा नवरा, चरोद्याच्या रेल्वे यार्डात ड्यूटी. विषय: आईची गाणी टीव्हीवर लागतील असं यंत्र कोणतं घ्यायचं.

वहीत त्या दिवसाचं पान असं सुरू होतं. एका शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान सांभाळणं हे माझं काम, त्यामुळे घरातल्या गोष्टीही मी लिहूनच करते. या पानाच्या पुढची सहा-सात पानं मात्र मी अजून शांत डोक्याने वाचू शकत नाही. म्हणून ती एकदा सलग लिहून काढते.

दिवाळी झाली आणि आईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. कोण आलं, कोण खोटं बोललं, भाजीत मीठ कमी आहे, सगळं. पण पाणी मागायचं तर तोंडातून "ते, ते, ते" एवढंच निघायचं, आणि दोनदा तसं झालं की ती भिंतीकडे तोंड करून पडायची. आयुष्यभर चार घरांना ऐकू जाईल असं बोललेली बाई.

बोलण्याचा सराव घ्यायला एक बाई घरी येतात. डिसेंबरात त्यांनी विचारलं, "या गाणं म्हणायच्या का कधी?"

बाबा हसलेच. म्हणायच्या का! भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो तेव्हा भुलाबाईची गाणी म्हणायच्या महिन्यात अख्ख्या ब्लॉकच्या बाया आमच्या व्हरांड्यात जमायच्या. बहुतेक सगळ्या भंडारा-गोंदियाकडच्या, नवऱ्यांच्या मागे प्लांटमध्ये आलेल्या. गाणी प्रत्येकीच्या गावची वेगळी, पण पुढे म्हणायची ती आमची आई. बाबांनी हौसेने कॅमेरा घेतला होता. पहिली पाळी करून आले की चहा पिऊन तो खांद्यावर घ्यायचे. अशी अकरा गाणी त्यांनी भरली.

बाई म्हणाल्या, "मग तीच लावा. बोलणं अडकलेल्या माणसाला कधी कधी पाठ असलेलं गाणं म्हणता येतं. त्या वाटेने शब्द परत येतात. स्वतःचाच आवाज असेल तर फारच चांगलं. सकाळ-संध्याकाळ लावा. पहिले सहा महिने वाया घालवू नका."

पहिले सहा महिने. हे मी वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

कॅसेटींना बुरशी लागली म्हणून क्वार्टर सोडताना त्या आम्ही फेकल्या होत्या. त्याआधी एका स्टुडिओवाल्याकडून सगळं हार्ड डिस्कवर उतरवून घेतलं होतं. ती एकच डिस्क. दुसरीकडे कुठेही काही नाही.

त्या रविवारी मी चार गोष्टी लिहून आणल्या होत्या. सगळ्यात आधी डिस्कची दुसरी प्रत काढायची. मग यंत्र असं घ्यायचं, की आईला ते डाव्या हाताने, तीन बटणांत चालवता यावं. ते बिघडलं तर दुर्गच्या बाजारात दुरुस्त व्हावं. आणि आठवड्याच्या आत सुरू व्हावं. माझा विचार साधा होता: टीव्हीच्या मागे पेन ड्राइव्ह लावायचा.

"ताई, तो जुगाड झाला," भाऊ म्हणाला. लॅपटॉप उघडूनच बसला होता. "एक ही बार में अच्छा करेंगे ना. घरात एक सर्व्हर ठेवू. दोन डिस्कचा डबा, चोवीस तास चालू. आईची गाणी, तुझ्या लग्नाची सीडी, सगळे फोटो त्याच्यात. इथं टीव्हीवर दिसतील, चरोद्याले तुह्या घरी दिसतील, हैदराबादले माझ्या घरी दिसतील."

कल्पना वाईट नव्हती. मलाही चरोद्याला ती गाणी हवीच होती. म्हणून मी मान हलवली. ती पहिली चूक.

मग निवड सुरू झाली. सुरुवातीला त्याने काड्यापेटीएवढा एक कॉम्प्युटर दाखवला. स्वस्त, गरम होत नाही, वीज खात नाही. मी म्हटलं, हाच घे. तर दुसऱ्या दिवशी तो बाद. का, तर फोर के, म्हणजे फार बारकाईने दिसणारे व्हिडिओ, चालवताना अडकेल.

"आपल्या भुलाबाईत फोर के कुठं आहे रे?" मी विचारलं. "त्यात समोरची काकू कोणती आणि व्हरांड्याचा खांब कोणता, ते ओळखू येत नाही."

"आज नाही वो. पुढं लागेल ना."

"पुढं काय, आई परत क्वार्टरमध्ये जाऊन गाणार आहे?"

मग ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर घ्यायचा ठरला. तो आवाज करतो म्हणून तोही बाद. मग दोन डिस्कचा डबा. त्यातही कोणता प्रोसेसर, कोणत्या डिस्क, टीव्हीला जोडायचा प्लेअर कोणता. वायरने जोडायचं की वायफायवर, यात दोन दिवस गेले. हवा तो डबा संपलेला होता. दुसरा आला असता, पण त्याच्याबद्दल कोणी तरी वाईट लिहिलं होतं. सोबत लाईट गेली तरी डबा चालू ठेवणारा यूपीएसही मागवायचा होता. तो उशिरा पोचणार म्हणून यादीतून काढला. सुट्टी संपली तर भाऊ इथूनच ऑफिसचं काम करत थांबला. आणि या सगळ्या दिवसांत डिस्क त्याच्या बॅगेत. "तू हात नको लावू, मी एकदाच नीट करून देतो."

अकरा दिवस. मी रोज शाळेतून परस्पर पद्मनाभपूरला जायची. पलंगावर आई गप्प, खुर्चीत भाऊ पडद्यावर तक्ते जुळवत बसलेला. सराव घेणाऱ्या बाई रोज विचारायच्या, "लावलीत का गाणी?" मी रोज म्हणायची, उद्या. एका सुशिक्षित घरातली तीन माणसं, हाताशी डिस्क, हाताशी टीव्ही, आणि एक गाणं लागत नव्हतं.

भाऊ वाईट नाही. हे लिहायलाच हवं, नाहीतर माझा राग खोटा ठरेल. तो आईची नखं कापायचा, तिचे केस विंचरायचा, तिला चमच्याने खिचडी भरवायचा, आणि एक थेंब सांडू द्यायचा नाही. पण आईसाठी काही विकत घ्यायचं म्हटलं की ते बाजारातलं सगळ्यात चांगलं असायला हवं, तरच त्याला ते प्रेम वाटतं.

शेवटी डबा आला, प्लेअर आला. जोडाजोड झाली. त्याने प्लेअरचा रिमोट आईच्या डाव्या हातात दिला आणि कौतुकाने म्हणाला, "आई, तुले आता काही शोधायचं कामच नाही. हे बटण दाब आन फक्त बोल. जे म्हणशील ते लागते."

आईने रिमोटकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि रिमोट चादरीवर पालथा ठेवला. बाबा उठून बाहेर नळाकडे गेले. नळ सोडल्याचा आवाज मात्र आला नाही.

"सवयीनं बोललो वो," भाऊ हळूच म्हणाला.

"अकरा दिवस तू काय निवडून राहिला होता?" मी विचारलं. "मी तीन बटणं लिहून दिली होती. तीन. याच्यावर किती आहेत मोज. आणि जे मोठं आहे ते बोलायचं."

संध्याकाळी त्याने टीव्हीवर गाण्यांची यादी आणली, आणि पहिलं गाणं अर्धं मिनिट वाजलं. आई उठून बसली. तेवढ्यात त्याने ते थांबवलं. आधी डिस्कचं काम पुरं करायचं होतं.

दुसऱ्या प्रतीचं मी विचारलं. तो म्हणाला, "तेच तर करून राहिलो. सगळं नव्या डिस्कवर घेतलं. जुनी कोरी करून डब्यात दुसऱ्या खणात टाकली. दोघी आता एकमेकींची नक्कल ठेवतील. एक मेली तरी दुसरी आहे."

"झाली का नक्कल?"

"झालंच समज. सकाळपर्यंत भरते."

मी वहीत 'दुसरी प्रत' या ओळीसमोर बरोबरची खूण केली. शाळेत मी काचेचं एक भांडंसुद्धा हातात घेऊन मोजल्याशिवाय तशी खूण करत नाही. मुख्याध्यापकांनी सांगितलं तरी करत नाही. इथे भावाने सांगितलं आणि केली.

सकाळी तो विमान पकडायला रायपूरला गेला. डब्यावर त्याने ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली होती: बंद करू नका. त्याच दिवशी माझ्या पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता, चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत. आईलाही न्यायचं ठरलं होतं. दहा वाजता गाडी आली. आम्ही तिला खुर्चीसकट उतरवलं. बाबांनी खिडक्या लावल्या, गॅस बंद केला, दाराला कुलूप लावलं. आणि कुलूप लावायच्या आधी मेन स्विच पाडला.

यात नवल काहीच नव्हतं. बाबा तसं करतातच. चाळीस वर्षं ते प्लांटमध्ये विजेच्या दुरुस्तीवर होते. तिथला नियम, लाईन तोडल्याशिवाय, पाटी लटकवल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. तो नियम घरी आला. आमच्याच नाही, ब्लॉकमधल्या प्रत्येक घरी आला. उन्हाळ्यात लोक गावाला निघाले की जिन्यात एकापाठोपाठ एक मेन पडायचे, खट, खट, खट, आणि मग ट्रंका खाली उतरायच्या. घर सोडायचं तर वीज तोडून सोडायचं. आम्ही भावंडं त्या आवाजावर वाढलो. म्हणजे हे मला माहीत होतं, भावालाही माहीत होतं. चोवीस तास चालणारं यंत्र या घरात ठेवताना आमच्या दोघांपैकी एकालाही ते आठवलं नाही.

संध्याकाळी परतलो. बाबांनी मेन वर केला. डब्यावरचा हिरवा दिवा लागला नाही. नारिंगी दिवा लुकलुकत राहिला. टीव्हीवर गाण्यांच्या जागी रिकामी चौकट.

फोनवर भाऊ तासभर मला काय काय दाबायला सांगत होता. मग म्हणाला, "नक्कल अर्ध्यात असताना लाईट गेली का? तसं झालं तर नव्या डिस्कवरचंही बिघडते."

"लाईट नाही गेली. बाबांनी मेन पाडला."

"मेन पाडला? आजकाल कोण पाडते मेन?"

"भिलाईत सगळे पाडतात. तू काय लंडनात वाढला?"

"चिठ्ठी लावली होती ना मी!"

मी फोन ठेवला आणि माझा सगळा राग घेऊन बाबांकडे वळले. "बाबा, चिठ्ठी नाही का वाचली तुम्ही? एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं."

"वाचली," बाबा म्हणाले. "डब्बा बंद करू नका म्हणे. मी डब्ब्याले हात नाही लावला. मेन पाडला. मेनवर कोणाची चिठ्ठी होती का?"

"तुम्हाला समजायला नको का, मेन पाडल्यावर डबा..."

"मले समजते, बाई. तुम्हाले समजत नाही." बाबांचा आवाज चढला. आईच्या आजारानंतर मी तो चढलेला ऐकला नव्हता. "फ्रिज चालू होता का नाही आपण आलो तेव्हा? दूध नासलं का?"

फ्रिज चालू होता. फ्रिजची लाईन त्यांनीच मेनच्या आधीपासून वेगळी ओढली आहे. घर बांधलं तेव्हाच.

"अकरा दिवस तुम्ही दोघं इथं भांडून राहिले. हा प्रोसेसर, तो प्रोसेसर. मी चहा नेऊन देऊन राहिलो. मले एकानं तरी इचारलं, का बाबा, हा डब्बा कोणत्या लाईनवर ठेवू? कावून नाही इचारलं? फ्रिजच्या मागं एक सॉकेट रिकामं आहे."

चाळीस वर्षं वीज सांभाळलेला माणूस खोलीतच बसला होता, आणि आम्ही त्याला हजर लोकांच्या यादीत लिहून मोकळे झालो होतो.

त्यानंतर कोण किती चुकलं याचे फोन झाले. भाऊ म्हणाला, उघडू नका, मी पुढच्या महिन्यात येऊन पाहतो. मी पुढच्या महिन्याची वाट पाहणार नव्हते. डबा उचलला, दोन्ही डिस्क काढल्या, कोणती कोणत्या खणातली ते टेपवर लिहून दुर्गच्या बाजारात, बिघडलेल्या डिस्क वाचवणाऱ्या एका दुकानात दिल्या. दुकानदाराने डोक्याला हात लावला. "जुनी डिस्क कोरी क्यों की, मॅडम? वो तो अच्छी थी." मी म्हटलं, हा प्रश्न मला विचारू नका, मीच तो सगळ्यांना विचारून राहिले आहे.

तीन आठवडे गेले. अकरापैकी सात गाणी निघाली. चित्र मध्येच चौकोन चौकोन होऊन फाटतं, पण आवाज शाबूत आहे. चार गेली ती गेलीच, असं तो म्हणाला. दुकानातून बाहेर पडायच्या आधी मी दोन पेन ड्राइव्हवर प्रती करून घेतल्या आणि दोन्हींवर सातच्या सात वाजतात हे तिथेच उभं राहून ऐकलं. एक शाळेच्या कपाटात ठेवला. दुसरा टीव्हीच्या मागे लावला. याला चार मिनिटं लागली. डबा खोक्यात घालून कपाटावर टाकला.

बाबांनी टीव्हीचाच जुना रिमोट घेतला आणि तीन बटणं सोडून बाकी सगळ्यांवर काळी इन्सुलेशन टेप घट्ट लावली. एक चालू करायचं, एक पुढचं गाणं, एक आवाज वाढवायचं. कमी करायचं नको का, मी विचारलं. "ती कमी करते का कधी?" बाबा म्हणाले.

पहिला दिवस आई फक्त पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी पायाचा अंगठा तालावर हलला. चौथ्या दिवशी, रात्री तिथेच राहिले म्हणून, सकाळी मी शाळेत न्यायचा जेवणाचा डबा भरत होते तेव्हा मला वाटलं टीव्हीचा आवाज दुहेरी येतो आहे. बाहेर येऊन पाहिलं. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द आई म्हणत होती. जाड, घसरता, अर्ध्यात तुटणारा, पण शब्द होता. "ते, ते" नव्हतं. बाबा दारात उभे होते, हातात रिकामी बादली. आम्ही दोघं तिथून हललो नाही, तिचं लक्ष जाऊ नये म्हणून.

आठवड्यात ती अख्ख्या ओळी म्हणायला लागली. गाणं संपलं की परत अडकायची, पण एकदा गाण्याच्याच चालीत तिने "पा-णी" मागितलं. सराव घेणाऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी रडले नाही. मला रागच आला. जानेवारीत लागली असती ही गाणी. पेन ड्राइव्हवर. चार मिनिटांत.

आणि मग मार्चच्या सुरुवातीला ते झालं, ज्यामुळे मी हे लिहायला बसले. दुपारची वेळ. सातवं गाणं संपलं. आईने टीव्हीकडे न बघता स्वतःहून एक ओळ म्हटली. सातांतली नव्हती ती. अख्खी म्हटली, न अडकता. मग थांबली आणि पडद्याकडे पाहत राहिली, पुढची ओळ कोणी तरी म्हणेल म्हणून. पडदा निळा. तिने परत तीच ओळ म्हटली. परत थांबली. तिसऱ्यांदा म्हटल्यावर डावा हात पलंगाच्या फळीवर आपटला. "ते! ते!" डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता संताप. रिमोटवरचं बटण ती इतक्या जोराने दाबत होती, की टेप उकलली.

बाबांना कळलं. "हे सवाल-जवाबाचं आहे. एक ओळ हिची, दुसरी समोरच्या क्वार्टरवालीची. हिनं जवाबाची ओळ कधी म्हटलीच नाही, तिले ते कसं येईल?"

ते गाणं गेलेल्या चारांत होतं.

समोरच्या क्वार्टरमधली ती काकू आता दुर्गजवळच्या उतईला असते, मुलाकडे. मी नंबर शोधून फोन केला. तिला पटकन कळेना कोण बोलतंय, मग कळलं तशी ओरडलीच. "अवो पोरी! तुही माय बोलते का आता?" मी म्हटलं, गाते. ती म्हणाली, "मंग घेऊन ये ना तिले. माहं तं तोंडपाठ हाये. तिची ओळ ते म्हणन, माही मी म्हणतो. फोनवर नोको म्हनून घेऊ, फोनवर तिले माहं तोंड कसं दिसन?"

आईला उतईला नेऊन दोघींचं गाणं मी फोनवर रेकॉर्ड करणार, हे भावाला सांगितलं. म्हणाला, "थांब ताई, फोनच्या माइकवर आवाज चांगला नाही येत. मी एक चांगला पाठवतो. दोन-तीन पाहून ठेवलेत, फक्त कोणता घ्यायचा ते..." मी पुढचं ऐकलं नाही.

पहिल्या रविवारी आईला ताप होता. दुसऱ्या रविवारी शाळेत तपासणीची तयारी लागली आणि मला रविवारचीही सुट्टी नाकारली. बाईंनी सांगितलेले सहा महिने एप्रिलच्या शेवटाला संपतात. आई रोज दुपारी ती एक ओळ म्हणते आणि थांबते. वहीत पान दुमडून ठेवलं आहे: उतईसाठी गाडी सांगणे, खुर्ची मागे मावते का ते आधी मोजून घेणे, काकूला आदल्या दिवशी कळवणे. यातलं एकही अजून झालेलं नाही.